तिकडे विचारा

सियालदहच्या कचेरीतला टेलिप्रिंटर खडखडला, त्याने कागदावर एक ओळ उमटवली आणि लाइन तोडून तो गप्प बसला. ओळ वाचून श्यामकांत देवस्थळी मनातल्या मनात खूश झाला, कारण ती त्याचीच होती. ‘ही नोंद आता इथे नाही. तिकडे विचारा.’ आणि खाली एस्प्लनेडच्या नव्या यंत्राचा नंबर. ज्या मालवाहतूक महामंडळात त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं, त्याचा जुना कॉम्प्युटर गार्डन रीचला नदीकाठच्या इमारतीत होता. आता एस्प्लनेडला दुसरा, नवाकोरा, येऊन बसला होता आणि मालाच्या नोंदी थोड्या थोड्या करून जुन्यावरून नव्यावर हलवणं चाललं होतं. ठिकठिकाणच्या कचेऱ्या मात्र सवयीने जुन्यालाच लाइन लावणार. त्यांना नव्याकडे वळवायचं कसं, याचा नियम बांधायचं काम श्यामकांतकडे आलं होतं, आणि त्याने तो बांधलाही होता: जुन्या यंत्राने नवा नंबर सांगायचा आणि लगेच लाइन सोडायची, बस्स. आज पहिल्यांदाच तो विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसून चाचणी घेत होता. सांगितल्याप्रमाणे त्याने नवा नंबर फिरवला. काहीच उमटलं नाही. पुन्हा फिरवला, तरी नाही. मग त्याने जुना नंबर फिरवला. जुन्या यंत्राने मोठ्या तत्परतेने उत्तर दिलं, ‘ही नोंद आता इथे नाही. तिकडे विचारा,’ आणि लाइन तोडली.

“की होलो दादा, कोथा बोलछे ना?” काय झालं, बोलत नाही का, असं बाजूच्या टेबलावरून बिमलबाबूंनी बंगालीत विचारलं. इथला टेलिप्रिंटर एरवी तेच चालवत. आज साहेब स्वतः बसले म्हणून ते मातीच्या भांड्यातला चहा निवांत पीत होते. मग श्यामकांतच्या चेहऱ्याकडे बघून ते हिंदीवर आले. “एस्प्लनेड में अभी लोडशेडिंग होगा, दादा. रोज इसी टाइम जाता है. आज मेरा तरफ है, तो उसका तरफ नहीं है.”

म्हणजे इतकंच होतं तर. श्यामकांतला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. या शहरात वीज जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भवानीपूरच्या त्याच्या घरात मेणबत्ती कुठे, काडेपेटी कुठे, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. शेजारचे लोक तर जेवणाच्या वेळाही लोडशेडिंग बघून ठरवत. आणि तरी कागदावर चौकोन आखताना, एका चौकोनातून दुसऱ्याकडे बाण काढताना, पलीकडचा चौकोन काळोखात बुडालेला असू शकेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. कागदावर दुसरं यंत्र नेहमी जागं असायचं. त्याने उगाचच आणखी एकदा जुना नंबर फिरवला. तीच ओळ आली. पहिल्यांदा जी ओळ नेमकी वाटली होती ती आता त्याला चक्क उद्धट वाटली. जिच्याशी भांडावं अशी ती नव्हती, कारण तिच्यात खोटं काहीच नव्हतं. चालू नोंद तिथे नव्हती, हे खरं. दुसरीकडे होती, हेही खरं. आणि विचारणारा माणूस मात्र दोन्हीकडून तुटून, हातात नंबर घेऊन, मुक्या यंत्रासमोर बसला होता. अशा वेळी पोटात एक विचित्र खड्डा पडतो. तो खड्डा श्यामकांतला नवा होता. आपण हा खड्डा कधी दुसऱ्याच्या पोटात पाडला असेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि तो दचकला, कारण उत्तर शोधावंच लागलं नाही.

‘आईला विचार.’ त्याचाच आवाज. मुलगी लीना लहान असताना दिवसातून कितीतरी वेळा तो हे म्हणत असे, आणि त्यात त्याला काही गैर वाटत नसे. सहलीला जाऊ का? आईला विचार. आकाश निळं का असतं? खरं तर हे त्याला येत होतं, चांगलं येत होतं, पण समोर पेपर उघडा असायचा, आणि आई स्वयंपाकघरात असायचीच. आईला विचार. लीना तरातरा आत जायची. आत सुनीती, कणकेच्या हातांनी, काहीतरी उत्तर द्यायची. बहुतेक वेळा चुकीचं, पण द्यायची. “अगं, आकाश निळं, कारण देवाला तोच रंग परवडला,” असलं काहीतरी, आणि मग दोघींचं हसणं बाहेर ऐकू यायचं. तो पेपरमागून ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. घर नीट चाललंय, जो तो आपापलं काम करतोय, असं वाटायचं. कलकत्त्यात येऊन पडलेल्या त्याच्यासारख्या माणसाला त्या हसण्याचा केवढा आधार होता, हे त्याने सुनीतीला कधी सांगितलं नाही. बायकोला असं काही सांगायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. हाजरा रोडवर मराठी मंडळींचा गणपती बसे तेव्हा सुनीती सगळ्यांत मिसळून जायची आणि हा मखराच्या वायरिंगकडे बघत उभा राहायचा. “देवस्थळी, काय म्हणताय?” असं कोणी विचारलं की हा म्हणायचा, “हिलाच विचारा,” आणि लोक हसायचे. त्याला वाटे, आपण विनोद केला.

नियमाच्या बैठकीतही तो असाच जिंकला होता. त्या दिवशी सुचित्रा बागची एकटीच आडवी आली होती. ती नव्या यंत्राची प्रोग्रॅमर, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारी, वादात आवाज न चढवणारी. तिचं म्हणणं होतं की जुन्याने विचारणाऱ्याला असं झटकून टाकू नये. थोडा वेळ धरून ठेवावं. श्यामकांतने खडू घेऊन फळ्यावर दाखवलं की धरून ठेवलं तर लाइन अडकेल, मागे रांग लागेल, जुनं यंत्र दुसऱ्याच्या कामात गुंतून पडेल. “आपल्याकडे आहे तेवढंच बोलावं, नसेल तर जिथे आहे तिथे धाडावं. स्वच्छ काम,” तो म्हणाला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘स्वच्छ’ या शब्दावर त्याने जरा जास्तच जोर दिला होता. सुचित्राने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वहीत काहीतरी खरडलं. ती रागावली की काय, हेही त्याने बघितलं नव्हतं.

बिमलबाबूंनी त्याच्यासाठीही चहा मागवला. खाली स्टेशनातून गर्दीचा एकसारखा आवाज वर येत होता. दुपारच्या गाड्यांनी आलेली माणसं बाजाराकडे चालली होती, डोक्यावर टोपल्या, तोंडात हाका. एवढ्या माणसांच्या वर, एका खोलीत, आपल्याला कोणी ओळ लिहीत नाही म्हणून आपल्याला रडू यावं, हे श्यामकांतला लाजिरवाणं वाटलं. त्याने चहाचा घोट घेतला. चहा गोड होता, आणि त्या गोडीबरोबर, तिचा काही संबंध नसताना, इस्पितळातली ती दुपार वर आली. तिला तो सहसा वर येऊ देत नसे. सुनीती खाटेवर होती. लीना तिचा हात धरून बसली होती. तेव्हा ती शाळेत शेवटच्या वर्षाला होती, वेण्या घालायची. तो खिडकीशी उभा होता. लीनाने मान वळवून विचारलं, “बाबा, आई बरी होणार ना?” त्याला उत्तर माहीत होतं. सकाळीच माहीत झालं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ‘आईला विचार’ म्हणायची सोय नव्हती. तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टरांना विचार.” लीनाने आईचा हात सोडला. पोर आज्ञाधारक होती, बापाने सांगितलं तिकडे जायची तिला सवय होती. ती त्या लांबलचक व्हरांड्यातून डॉक्टरांना शोधत गेली. डॉक्टर जागेवर नव्हते. ती खाली गेली, पुन्हा वर आली, कोणाकोणाला विचारत राहिली, आणि परत आली तेव्हा खाटेवर आईचा हात नुसता पडलेला होता. त्यावर ती काहीच बोलली नव्हती, ना त्या दिवशी, ना नंतर. आणि तो मनाशी म्हणत आला होता की पोरगी सावरली, शहाणी आहे. तिने विचारणंच सोडून दिलं होतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं, आणि बरं वाटलं होतं. हे दुसरं जास्त खरं होतं.

इतक्या वर्षांनी तिने काल विचारलं होतं. पुण्याला कमलने, म्हणजे सुनीतीच्या धाकट्या बहिणीने, लीनासाठी एका कॉलेजात शिकवायची जागा बघितली होती; राहायला मावशीचंच घर. जेवण झाल्यावर लीना ताटं उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, “बाबा, मी गेले तर तुम्हाला वाईट लागेल?” तिचं मराठी असंच, इथल्या हवेतलं, बंगालीत वाईट ‘लागतं’ म्हणून तिच्या मराठीतही लागायचं. ‘लागेल नाही गं, वाटेल,’ असं सुनीती म्हणायची. त्याला एकदम तेच आठवलं, आणि पाण्याचा पेला उचलून तो म्हणाला, “कमलमावशीला विचार. तिथलं सगळं तिला जास्त कळतं.” लीना म्हणाली, “मावशीला विचारलं. ती म्हणाली, बाबांना विचार, ते म्हणतील तसं.” तिच्या हातातल्या ताटावरून आमटीचा एक थेंब फरशीवर पडला. “बघू या,” तो म्हणाला, आणि रेडिओ लावायला उठला. ती गेली. नळाखाली ताटं वाजत राहिली. आज संध्याकाळी कमलचा ट्रंक कॉल येणार होता, कारण उद्या कॉलेजला हो की नाही कळवायचं होतं. काल त्याला वाटलं होतं, फोन आला की लीनाच्या हातात रिसीव्हर दिला म्हणजे झालं. सगळं आपोआप ठरेल, आणि आपण त्यात नसू.

तो उठला. कागद फाडून घडी करून खिशात घातला, बिमलबाबूंचा निरोप घेतला आणि खाली उतरून एस्प्लनेडच्या ट्राममध्ये चढला. चाचणी फसली हे फोनवरही कळवता आलं असतं, पण त्याला आत्ता कुठलाही फोन नको होता. समोर माणूस हवा होता. धर्मतल्ल्याला, म्हणजे एस्प्लनेडलाच, उतरल्यावर पाताळरेल्वेच्या, जमिनीखालून जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या, खोदकामाने रस्ता असा कापून ठेवलेला होता की दहा पावलांवरच्या इमारतीत शिरायला फळ्यांवरून वळसे घालत जावं लागे. चिखलात फळ्या डगमगत होत्या. पलीकडच्या बाजूला फेरीवाल्यांनी कंदील लावायला घेतले होते, आणि अंधार पडायचा असूनही सगळ्यांचे चेहरे संध्याकाळचे दिसत होते. या शहरात आपण वीस-बावीस वर्षं राहतो आहोत आणि वळसा घालणं तेवढं आपल्याला छान जमलं आहे, असं त्याला वाटलं. वरच्या मजल्यावर नवं यंत्र एखाद्या बंद कपाटासारखं उभं होतं. सुचित्रा खिडकीत बसून छापील कागदाच्या गठ्ठ्याने वारा घेत होती.

“पूछा, तो बोला उधर पूछो,” तो तिच्या पुढ्यात कागद धरून म्हणाला. “इधर पूछा, तो कोई नहीं. फिर उधर पूछा.”

सुचित्राने कागद वाचला. एकाखाली एक तीच ओळ. ती हसली नाही, याचं त्याला बरं वाटलं. “कल तक का रेकॉर्ड तो पुराने के पास है ही, देवस्थळीबाबू. मिटाया तो नहीं,” ती सावकाश म्हणाली.

“बासी है.”

“बासी ही सही. आदमी पूछ रहा है न.” तिने चष्मा कपाळावर ढकलला. “पहले पुराना खुद इधर लाइन लगाके देखे, कोई जाग रहा है कि नहीं. तब तक पूछनेवाले को छोड़े नहीं. इधर से जवाब मिल जाए, तब छोड़े. नहीं मिले तो जितना मालूम है उतना बोल दे.”

“लाइन अडकेल,” तो मराठीतच म्हणून गेला, आणि मग, “लाइन फँसी रहेगी.”

“थोड़ी देर फँसने दीजिए,” ती म्हणाली. तिला मराठी येत नव्हतं, पण तेवढं कळलं असावं.

तो खिडकीशी तिच्या बाजूच्या स्टुलावर बसला. बैठकीत ती हेच सगळं म्हणाली होती, आणि तेव्हा त्याने ऐकलं होतं ते फक्त खोडून काढण्यापुरतं. आता ते ऐकताना त्याला जे वाटत होतं त्याला कामातली सुधारणा म्हणणं हास्यास्पद झालं असतं. “आप ठीक बोलीं,” तो म्हणाला. “उस दिन भी.” ती कागदाने वारा घेत राहिली, मग गठ्ठ्यातले अर्धे कागद तिने त्याच्या हातात दिले, आणि दोघंही वीज यायची वाट बघत वारा घेत बसले. वीज आली तेव्हा तो निघाला. नियम उद्या नव्याने लिहायचा होता. पण आज ट्रंक कॉल यायच्या आत घरी पोचायला हवं होतं, आणि बस मिळेल की नाही याची त्याला धास्ती वाटत होती. लहान मुलासारखी धास्ती. बसच्या दांड्याला लोंबकळत, कोणाच्या तरी कोपराखाली मान घालून तो भवानीपूरला आला.

घरी वीज नव्हती. आज एस्प्लनेडची आली म्हणजे भवानीपूरची गेली असणार, हे ओघानेच आलं. लीना फोनच्या तिपाईजवळ मेणबत्ती लावून बसली होती. तिने केस धुतले होते आणि ते मोकळे होते. क्षणभर त्याला दारातच थांबावं लागलं, कारण त्या उजेडात ती सुनीतीसारखी दिसत होती, आणि तसं तिला सांगितलं तर काय होईल या विचाराने तो आतापर्यंत प्रत्येक वेळी गप्प बसला होता. “आईसारखी दिसतेस,” तो म्हणाला. लीनाने चमकून वर बघितलं. तो खुर्ची ओढून बसला. चपला काढायच्या राहून गेल्या होत्या. ‘काल तू विचारलंस,’ असं सुरू करायचं त्याने बसमध्ये ठरवलं होतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला.

त्याने रिसीव्हर उचलला. ऑपरेटरने पुण्याचा कॉल असल्याचं सांगितलं, खरखर झाली आणि तिच्यातून कमलचा बारीक आवाज आला. “भावोजी, ऐकू येतंय का? उद्या सकाळी कॉलेजला कळवायचंय. काय ठरलं तुमचं?”

‘लीनालाच विचार.’ शब्द जिभेवर तयार होते, हातही सवयीने निम्मा पुढे गेला होता. आणि समोर लीनाने रिसीव्हर घ्यायला हात पुढे केलेला होता. तिला ठाऊकच होतं. लहानपणापासून ती असंच काही ना काही त्याच्या हातून घेऊन दुसरीकडे जात आली होती. मेणबत्तीच्या उजेडातला तो पुढे केलेला हात बघून श्यामकांतला फार वाईट वाटलं. त्याने रिसीव्हर परत कानाला लावला.

“कमल, थांब जरा. लाइन सोडू नकोस,” तो म्हणाला. मग रिसीव्हरवर हात न ठेवता, तिकडे पुण्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, तो लीनाशी बोलला. “काल तू विचारलंस. मला वाईट वाटेल. खूप वाटेल. तू गेलीस की या घरात मी एकटा, आणि ते मला जमणार नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. जेवणाचं जमेल, बाकीचं नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. आणि तुला जावंसं वाटत असलं तर जावंस, असंही वाटतं. यातलं कुठलं जास्त खरं ते मला माहीत नाही. माहीत आहे तेवढं सांगितलं.”

इतकं तो सलग कधी बोलला नव्हता. त्याला धाप लागली. “हॅलो, भावोजी? कोणाशी बोलताय?” कमल ओरडत होती. लीना त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, कारण मेणबत्ती त्याच्या डोळ्यांत पाझरत होती. मग ती जवळ आली. उजव्या हाताने तिने त्याच्याकडून रिसीव्हर घेतला. डाव्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं, घट्ट, रस्ता ओलांडताना धरतात तसं.

“मावशी, मी येते,” ती म्हणाली. मग थोडं ऐकून, “हो. बोलले बाबा. त्यांना वाईट लागणार.” पुन्हा ऐकून, “हो. मला पण.”

ती जाणार होती. ठरलं. श्यामकांतला वाटलं होतं तसाच खड्डा पोटात पडला, सियालदहला पडला होता तेवढाच खोल. तिकडून मावशी गाडी कुठली, सामान किती, गरम कपडे आणायचे की नाही ते विचारत होती, आणि लीना तिच्या इथल्या मराठीत उत्तरं देत होती, मधेच अडत होती, शब्दासाठी त्याच्याकडे बघत होती. एकदा ‘लेप’ या बंगाली शब्दावर अडून तिने भुवया उंचावून विचारलं, आणि त्याने सांगितलं, “रजई.” “रजई,” ती फोनमध्ये म्हणाली. ऑपरेटरने मधे पडून वेळ संपल्याचं सांगितलं, कमलचं बोलणं अर्ध्यात तुटलं, खरखरही थांबली. लीनाने रिसीव्हर जागेवर ठेवला. दुसऱ्या हातात त्याचं मनगट होतं, आणि ते तिने सोडलं नाही.